काळ्या रेघांतील जोडाक्षरे : ‘कोड १२८’ हा बारकोड अक्षरे आणि अंक कसे लिहितो?

टपाल कार्यालयाच्या खिडकीवर पाकीट दिले की कर्मचारी त्यावर एक लहानशी चिठ्ठी चिकटवतो, हातातील यंत्राचा लाल प्रकाश तिच्यावर टाकतो, बारीकसा आवाज होतो आणि पाकीट पुढच्या टोपलीत पडते. पणजीहून बेळगावला निघालेले पाकीट वाटेत ज्या ज्या ठिकाणी थांबते, त्या त्या ठिकाणी हाच विधी पुन्हा होतो. पत्ता माणसाने वाचायचा आणि रेघा यंत्राने, अशी ही कामाची वाटणी आहे. पत्ता लिहिताना काही चुकले तर निदान पोस्टमन दोन घरी विचारपूस करतो. रेघा वाचताना यंत्राचे चुकले, तर ते कोणाला विचारणार?

बारकोडाविषयी बोलताना बहुधा त्याच्या वेगाचे आणि थोड्या जागेत पुष्कळ काही मावण्याचे कौतुक होते. ते योग्यच आहे. तथापि या रेघांची खरी करामत निराळी आहे. एका हाताने जागा वाचवायची आणि वाचवलेल्या जागेतील काही भाग दुसऱ्या हाताने स्वतःचीच चूक पकडण्यासाठी खर्च करायचा, या हिशेबावर त्यांची सारी रचना उभी आहे. टपाल, मालवाहतूक, कारखाने आणि रक्तपेढ्या अशा अनेक क्षेत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘कोड १२८’ या बारकोडाच्या आधारे हा हिशेब समजून घेऊ.

रेघांत असते काय?

आधी एक समज दूर करायला हवा. पाकिटावरच्या रेघांत आपले नाव, पत्ता वा पाकिटातील वस्तूचे वर्णन नसते. तिथे असतो तो केवळ एक क्रमांक. त्या क्रमांकापुढची सारी माहिती दूरवरच्या संगणकात नोंदलेली असते. रेघा म्हणजे वहीतील नोंद नव्हे, तर त्या नोंदीचा पान क्रमांक. म्हणूनच तो अचूक वाचला जाणे महत्त्वाचे. पान चुकले की नोंद दुसऱ्याचीच निघते.

दुकानातील साबणावर किंवा बिस्किटांच्या पुड्यावर दिसणारा बारकोड निराळ्या घराण्यातला. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी २६ जून १९७४ रोजी एका दुकानात च्युइंग गमचे पाकीट अशा रेघांवरून प्रथम विकले गेले. त्या घराण्याला केवळ अंक लिहिता येतात. कारखान्यांना आणि मालवाहतुकीला मात्र अक्षरेही हवी होती. त्यासाठी १९७४ मध्येच ‘कोड ३९’ निघाला. त्यात रोमन मोठी अक्षरे, दहा अंक आणि सात चिन्हे मिळून ४३ खुणा लिहिता येतात. तो सोपा आणि भरवशाचा होता, पण ऐसपैस जागा व्यापणारा. १९८१ मध्ये कॉम्प्युटर आयडेंटिक्स या अमेरिकी कंपनीने ‘कोड १२८’ पुढे आणला, तो दाटीवाटीने लिहिण्यासाठी. संगणकाच्या ‘आस्की’ या मूळ अक्षरसंचातील १२८ खुणा, म्हणजे लहान-मोठी रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि छापली न जाणारी नियंत्रणचिन्हेसुद्धा, त्यात लिहिता येतात. त्याचे नाव पडले ते यावरूनच.

अकरा घरांचे अक्षर

चौकटीच्या वहीत एका ओळीतील अकरा घरे डोळ्यांसमोर आणा. कोड १२८ मधील प्रत्येक खूण या अकरा घरांत बसते. काही घरे काळी रंगवायची, काही कोरी ठेवायची. नियम असा, की त्यातून तीन काळ्या रेघा आणि तीन पांढऱ्या फटी आळीपाळीने तयार झाल्या पाहिजेत. पहिली रेघ, मग फट, मग रेघ, असे करत शेवटी फट. प्रत्येक रेघ किंवा फट कमीत कमी एक घर आणि जास्तीत जास्त चार घरे रुंद असू शकते.

उदाहरणार्थ, रोमन ‘ई’ या अक्षराची मापे १, ३, २, १, १, ३ अशी आहेत. एक घर काळे, तीन कोरी, दोन काळी, एक कोरे, एक काळे, तीन कोरी. बेरीज अकरा. ‘जी’ या अक्षराची मापे २, १, १, ३, १, ३. बेरीज पुन्हा अकरा. रेघेची उंची कितीही असो, तिला अर्थ नाही. अर्थ आहे तो रुंदीला.

या नियमानुसार एकूण २१६ नक्ष्या तयार होऊ शकतात. पण कोड १२८ ने आणखी एक अट घातली. तीन काळ्या रेघांच्या रुंदीची बेरीज सम असली पाहिजे, म्हणजे ४, ६ किंवा ८. वरील ‘ई’मध्ये १, २ आणि १ मिळून ४ होतात आणि ‘जी’मध्ये २, १ आणि १ मिळूनही ४. या अटीमुळे २१६ पैकी बरोबर निम्म्या, म्हणजे १०८ नक्ष्याच वापरण्याजोग्या उरतात.

जागा वाचवायला निघालेल्याने हाती आलेल्या निम्म्या नक्ष्या का टाकून द्याव्यात? समजा, यंत्राने एका रेघेची कड घरभर चुकीची वाचली. दोन घरांची रेघ त्याला तीन घरांची वाटली आणि शेजारची फट एका घराने आकसली. एकूण बेरीज अकराच राहील आणि वरवर पाहता सारे ठीक दिसेल. पण काळ्या घरांची बेरीज समाची विषम होईल आणि अशी नक्षी तर कोशातच नाही. यंत्र तिथेच थांबेल. टाकून दिलेल्या १०८ नक्ष्या म्हणजे शेताच्या बांधासारखी मोकळी सोडलेली जमीन आहे. तिथे पाऊल पडले की आपण वाट चुकलो हे कळते.

उरलेल्या १०८ मध्ये १०३ नक्ष्या मजकुरासाठी, तीन आरंभासाठी आणि एक समाप्तीसाठी आहे. समाप्तीच्या खुणेला शेवटी दोन घरांची एक जादा रेघ असते, म्हणून ती तेरा घरांची होते. राहिलेली एक नक्षी मात्र कोणालाच दिलेली नाही. समाप्तीची खूण उलट्या बाजूने वाचली की सुरुवातीला नेमकी तीच नक्षी दिसते. ती दिसताच पाकीट उलटे धरले गेले आहे हे यंत्राला कळते आणि ते सारा मजकूर फिरवून वाचते.

एक नक्षी, तीन अर्थ

मजकुरासाठी नक्ष्या १०३ आणि लिहायच्या खुणा १२८. हे गणित कसे जुळावे? मराठी वाचकाला त्याचे उत्तर अनोळखी वाटू नये. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चंद्र’ातला ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चार दोन करतो. ‘ज’ आणि ‘झ’ यांचेही तसेच. अक्षर तेच राहते, त्याचे मूल्य आजूबाजूच्या शब्दावरून ठरते.

कोड १२८ मध्येही नक्षी तीच राहते आणि तिचा अर्थ बदलतो. फरक इतकाच, की यंत्राला संदर्भाची जाण नसल्यामुळे कोणता अर्थ घ्यायचा हे त्याला आधी स्पष्ट सांगावे लागते. त्यासाठी ए, बी आणि सी असे तीन संच आहेत. ए संचात मोठी रोमन अक्षरे, अंक, चिन्हे आणि नियंत्रणचिन्हे आहेत. बी संचात नियंत्रणचिन्हांच्या जागी लहान रोमन अक्षरे येतात. सी संचात अक्षरे नाहीतच. तिथे प्रत्येक नक्षी म्हणजे ०० ते ९९ पैकी एक दोन अंकी जोडी.

प्रत्येक नक्षीला एक मूल्यांक दिलेला आहे. वर पाहिलेल्या ‘ई’च्या नक्षीचा मूल्यांक ३७. हीच नक्षी ए किंवा बी संचात आली तर ती ‘ई’ आणि सी संचात आली तर ‘३७’ हे दोन अंक. संच कोणता, हे आरंभाच्या तीन खुणांपैकी कोणती वापरली यावरून ठरते. मजकुराच्या मध्येच संच बदलायचा असेल तर त्यासाठी वेगळ्या सूचक खुणा आहेत.

अंकांचे जोडाक्षर

जागेची खरी बचत होते ती सी संचात. मराठीत ‘क्’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होतो आणि दोन व्यंजने एका अक्षराच्या जागेत बसतात. सी संच अंकांचे असेच जोडाक्षर करतो. १ आणि २ यांसाठी दोन नक्ष्या न लिहिता ‘१२’ची एकच नक्षी लिहिली जाते. बारा अंकी क्रमांक बी संचात लिहिला तर आरंभ, पडताळणी आणि समाप्तीच्या खुणा धरून १६७ घरे लागतात. सी संचात तोच क्रमांक १०१ घरांत मावतो.

मात्र संच बदलण्याची सूचक खूणही एक जागा खाते, म्हणून हा बदल हिशेबाने करावा लागतो. क्रमांकाच्या मधोमध चारच अंक असतील तर जोडाक्षरांनी दोन जागा वाचतात, पण सी संचात जाण्यायेण्यात दोन जागा खर्च होतात. हाती काहीच लागत नाही. सहा अंक असतील तर एक जागा वाचते, आठ असतील तर दोन.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. आंतरराष्ट्रीय टपाल मानकानुसार पत्राचा क्रमांक तेरा खुणांचा असतो. आधी सेवेची दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. भारतासाठी ती ‘आय’ आणि ‘एन’. स्पीड पोस्टच्या पावतीवरील क्रमांक याच घडणीचा दिसतो. निव्वळ नमुन्यादाखल ‘ईजी १२३४५६७८५ आयएन’ असा क्रमांक कोड १२८ मध्ये लिहायचा आहे असे समजा.

सुरुवात बी संचाने करायची. ‘ई’ आणि ‘जी’ लिहायचे. मग ‘आता सी संच’ ही सूचक खूण. त्यानंतर १२, ३४, ५६, ७८ अशी चार जोडाक्षरे. नववा अंक ५ एकटा उरतो, म्हणून ‘आता बी संच’ ही सूचना द्यायची आणि ५, ‘आय’, ‘एन’ लिहायचे. तेरा खुणांचा मजकूर अशा रीतीने अकरा नक्ष्यांत बसला. आरंभ, पडताळणी आणि समाप्ती धरून एकूण १५६ घरे. सी संच वापरला नसता तर १७८ घरे लागली असती. जुन्या कोड ३९ मध्ये हाच क्रमांक, रुंद रेघ अरुंद रेघेच्या दुप्पट धरली तरी, १९४ घरे व्यापतो आणि तिप्पट धरली तर २३९. शिवाय कोड ३९ मध्ये पडताळणीची खूण ऐच्छिक आहे. कोड १२८ मध्ये ती सक्तीची असूनही त्याला कमी जागा पुरते.

अक्षरी रुपये

पडताळणीची ही खूण म्हणजे काय, हे बँकेचा धनादेश लिहिणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आपण रक्कम अंकांत लिहितो आणि पुन्हा अक्षरी लिहितो. दुसऱ्यांदा लिहिल्याने नवी माहिती मिळत नाही, पण पहिलीची शहानिशा होते. दोन्ही जुळल्या नाहीत तर बँक शंका घेते. बारकोडाला सारा मजकूर दोनदा लिहिणे परवडत नाही, म्हणून तो मजकुराचे सार एका खुणेत लिहितो.

रीत अशी. आरंभाच्या खुणेचा मूल्यांक घ्यायचा. मग पहिल्या नक्षीचा मूल्यांक एकाने, दुसऱ्या नक्षीचा दोनाने, तिसऱ्या नक्षीचा तिनाने गुणत जायचे आणि सर्वांची बेरीज करायची. त्या बेरजेला १०३ ने भागून जी बाकी उरेल, ती पडताळणीची खूण.

आपल्या उदाहरणात बी संचाच्या आरंभाचा मूल्यांक १०४ आहे. पुढच्या अकरा नक्ष्यांचे मूल्यांक अनुक्रमे ३७, ३९, ९९, १२, ३४, ५६, ७८, १००, २१, ४१ आणि ४६. आपापल्या स्थानाने गुणून आरंभासह त्यांची बेरीज होते ३,५२१. तिला १०३ ने भागले की बाकी उरते १९. म्हणून समाप्तीच्या आधी १९ मूल्यांकाची नक्षी छापली जाते. यंत्र वाचताना हेच गणित पुन्हा मांडते. समजा, ‘३४’च्या जागी चुकून ‘४३’ वाचले गेले. बाकी १९ ऐवजी ६४ येईल आणि यंत्र गप्प राहील. आवाज होणार नाही, क्रमांक पुढे जाणार नाही.

स्थानाने गुणायचे कशासाठी? नुसती बेरीज केली असती तर दोन नक्ष्यांची अदलाबदल झाल्याचे कळलेच नसते, कारण क्रम बदलल्याने बेरीज बदलत नाही. आणि भाजक १०३ का? ती मूळ संख्या आहे. तिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. त्यामुळे नेहमीच्या लांबीच्या बारकोडात कोणतीही एक नक्षी चुकली किंवा कोणत्याही दोन भिन्न नक्ष्यांची अदलाबदल झाली, तर बाकी बदलतेच. एकाच वेळी अनेक नक्ष्या वाटेल तशा बिघडल्या, तर बाकी योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे १०३ मध्ये एक इतकी राहते. पण त्याआधी प्रत्येक बिघडलेल्या नक्षीला समसंख्येचा पहारा ओलांडून यावे लागते.

शाई पसरली तरी

कागदावर शाई पसरते आणि त्यामुळे सगळ्याच रेघा जाड होतात. हे ओळखून यंत्र रेघेच्या जाडीवर विसंबून राहत नाही. एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर ते मोजते आणि तसेच उजव्या कडांमधलेही. शाई पसरल्याने दोन्ही रेघा सारख्याच फुगतात. त्यांच्या डाव्या कडा सारख्याच सरकतात आणि दोहोंतील अंतर कायम राहते. पाऊलवाट चिखलाने रुंदावली तरी दोन मैलांच्या दगडांमधले अंतर बदलत नाही, तसे हे आहे.

रेघांच्या उंचीचा उपयोगही इथेच कळतो. उंचीत एकच मजकूर पुन्हापुन्हा लिहिलेला असतो. चिठ्ठी आडवी फाटून वरचा अर्धा भाग उरला तरी तो पुरतो. उलट उभा ओरखडा पडून एक फट झाकली गेली तर सारा बारकोड निकामी होऊ शकतो. दोन्ही बाजूंची कोरी जागासुद्धा रचनेचाच भाग आहे. ती प्रत्येकी किमान दहा घरांची असावी लागते, नाहीतर मजकूर कुठे सुरू झाला हे यंत्राला उमगत नाही. पाकिटावर ‘अर्जंट’ लिहिण्यासाठी आपण नेमकी तीच मोकळी जागा निवडतो, किंवा चिठ्ठीवरून चकचकीत चिकटपट्टी लावतो, आणि वर यंत्रालाच दोष देतो.

देवनागरीचे काय?

या लिपीला आपली लिपी लिहिता येत नाही. तिची १२८ खुणांची मर्यादा युरोपीय भाषांतील काही अक्षरांपर्यंत वाढवण्याची सोय आहे, पण देवनागरीपर्यंत ती पोहोचत नाही. क्यूआर कोडासारख्या चौकोनी रचनेत देवनागरी मावते, मात्र जागेची किंमत मोजून. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत ‘गोवा’ लिहिण्यासाठी ग, ओकार, व आणि काना या चार खुणांना प्रत्येकी तीन, म्हणजे बारा बाइट लागतात. रोमन लिपीतील तीन अक्षरी ‘गोवा’ला तीनच. कोड १२८ ने हा प्रश्नच टाळला आहे. क्रमांक रेघांत ठेवायचा आणि नाव संगणकाच्या नोंदीत. नोंदीत नाव देवनागरीत ठेवायला रेघांची आडकाठी नाही.

यंत्राने नकार दिल्यावर

इतके सारे पहारे असूनही एक दार उघडे राहते. चिठ्ठी भिजली, चुरगळली किंवा उन्हाने छपाई विटली, की यंत्र वाचायला नकार देते. मागे रांग असते. कर्मचारी रेघांखाली छापलेला क्रमांक पाहतो आणि हाताने टंकतो. या क्षणी समसंख्येची अट, १०३ चा भाजक आणि १९ ची खूण यांपैकी एकही गोष्ट मदतीला नसते. पडताळणीची ती खूण रेघांत असते, खालच्या अक्षरांत नाही.

हे ओळखून टपालाच्या मानकात दुसरा पहारेकरी ठेवला आहे. नऊ अंकांपैकी शेवटचा अंक हा स्वतंत्र पडताळणीचा. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ ने गुणून बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. (बाकी शून्य आल्यास ५ आणि एक आल्यास ० घ्यायचा.) आपल्या नमुन्यात बेरीज २०४, बाकी ६, म्हणून अंक ५. घाईत ४ आणि ५ यांची अदलाबदल होऊन १२३५४६७८ टंकले गेले, तर बेरीज २०३ होते आणि शेवटचा अंक ६ यायला हवा. चिठ्ठीवर तर ५ आहे. संगणकाने हा हिशेब मांडला की चूक जागच्या जागी उघडी पडते.

पाकिटाच्या बाबतीत अशा चुकीची किंमत विलंब किंवा मनस्ताप असेल. रक्ताच्या पिशवीच्या बाबतीत ती किंमत एक जीव असू शकते. रक्तपेढ्यांसाठी तयार झालेल्या ‘आयएसबीटी १२८’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नावातला १२८ हा त्याच १२८ खुणांचा आहे. त्यातील रक्तदानाचा क्रमांकही तेरा खुणांचा असतो. पाच खुणा संस्थेच्या, दोन वर्षाच्या आणि सहा अनुक्रमाच्या. त्याच्या शेजारी लहानशा चौकटीत एक वेगळी खूण छापलेली असते. ती क्रमांक हाताने टंकण्याची वेळ येईल त्या प्रसंगासाठी असते. यंत्र कधी ना कधी नकार देणार आणि तेव्हा माणूस घाई करणार, हे मानक ठरवणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे.

म्हणून पुढच्या वेळी खिडकीवर यंत्राने एकदा, दोनदा, तिनदा नकार दिला, तर चरफडू नये. न वाचणे हा यंत्राचा दोष नेहमीच नसतो. खात्री नसताना वाचल्याचा आव न आणणे हे तर त्याचे शिक्षण आहे. क्रमांक हाताने टंकला गेला असेल, तर पावतीवरचा क्रमांक आणि चिठ्ठीवरचा क्रमांक एकदा आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावा. तेवढा एक पहारा आपणच द्यायचा असतो.